बोंडांतली अळी आणि पुस्तकांतला धडा

कापूस पिकविणारा कुणबी, सरकी गाळणारा तेली, सूत विणणारा कोष्टी-साळी आणि भर उन्हांत वेचणीला जाणारी मजूर बाई, या सर्वांचें पोट ज्या एका पिकावर आहे, त्या पिकाला गुलाबी बोंडअळीनें पोखरून काढलें आहे. औषध कोणतें मारावें आणि पंप कोणता घ्यावा हें सांगणारे लोक बाजारच्या गांवीं दुकानोदुकानीं भेटतात. परंतु जी अळी एकेकाळीं बीटी कपाशी खाऊन मरत होती, ती आज तीच कपाशी खाऊन पोसते कशी, असें आमच्या शेतकऱ्यानें विचारलें तर त्याला सरळ उत्तर मिळत नाहीं. कोणी म्हणतो बियाणें बोगस, कोणी म्हणतो हवा फिरली, कोणी कपाळाकडे बोट दाखवितो. दुकानदार म्हणतो, आणखी एक फवारा मारा.

या प्रश्नाचें उत्तर गूढ नाहीं. तें शाळेच्या पुस्तकांत आहे. पण तेथें त्याचे तीन तुकडे करून ते तीन निरनिराळ्या धड्यांत ठेवले आहेत, आणि त्यांतला एक तुकडा २०२२ सालीं केंद्राच्या एन.सी.ई.आर.टी. संस्थेनें आपल्या दहावीच्या अभ्यासांतून काढूनही टाकला. हा केवळ मास्तर लोकांचा प्रश्न आहे असें समजून शेतकऱ्यानें गप्प बसूं नये. त्याचें नुकसान कोणाच्या खळ्यांत होतें तें पुढें दिसेल.

ते तीन धडे असे. पहिला आनुवंशिकतेचा, म्हणजे आईबापांचे गुण पोरांत कसे उतरतात याचा. दुसरा परिसराचा, म्हणजे जीव कोठें राहतो, काय खातो आणि त्याला कोण खातें याचा. तिसरा उत्क्रांतीचा, म्हणजे पिढ्यामागून पिढ्या जातां जातां जीवांच्या जाती कशा बदलतात याचा. आमचीं पोरें हे धडे तीन वेगळ्या विषयांसारखे घोकतात, परीक्षेंत ओकतात आणि विसरतात. कुठेंही गेलें तरी पळसाला पानें तीन, असें आपण म्हणतों. पण रानांत जाऊन नीट पाहिलें तर तीं तीन पानें एकाच देठावर बसलेलीं दिसतात. या तीन शास्त्रांचेंही तसेंच आहे. देठ तोडलें कीं तिन्ही सुकतात.

हीं शास्त्रें जन्मलीं तींही फार लांबलांब नव्हे. डार्विनसाहेबांचा जातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ १८५९ सालीं निघाला. मेंडेलनें वाटाण्यावर केलेल्या प्रयोगांचा निबंध १८६६ सालीं छापला गेला. जीव आणि परिसर यांच्या नात्याच्या शास्त्राला हेकेल नांवाच्या जर्मन पंडितानें नांव दिलें तेंही १८६६ सालींच. सात वर्षांत तिन्ही पाळण्यांत आलीं. पण त्यांची एकमेकांशीं ओळख व्हायला पुष्कळ काळ लागला. मेंडेलचा निबंध १९०० सालापर्यंत धूळ खात पडला होता. डार्विनला पिढ्यांचा बदल दिसत होता, पण गुण पोरांत उतरतात कसे हें कळत नव्हतें. त्याचें उत्तर मेंडेलजवळ होतें. दोघांची गांठ कधीं पडली नाहीं.

आमच्या वाचकांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. हा मेंडेल शेतकऱ्याचा मुलगा होता, आणि मठांत गेल्यावरही तो बागेंतच काम करीत बसला. डार्विननें आपल्या ग्रंथाचा आरंभ कबुतरें पाळणाऱ्या आणि जनावरांची पैदास करणाऱ्या लोकांच्या अनुभवापासून केला. म्हणजे हें शास्त्र काहीं आकाशांतून पडलेलें नाहीं. खांडांतला कोणता मेंढा राखावा हें ठरविणारा धनगर आणि पुढच्या वर्षींच्या बियाण्यासाठीं भरदार कणसें निवडून उतरंडींत ठेवणारी कुणबीण, यांनीं तें पिढ्यान् पिढ्या हातानें केलें आहे. पुस्तकांत तेवढें त्यांचें नांव नाहीं.

आतां अळीकडे वळूं. बीटी कपाशी म्हणजे काय? मातींत राहणाऱ्या एका सूक्ष्म जंतूपासून एक जनुक घेऊन तें कपाशींत घातलें. त्यामुळें झाडांतच एक विषारी प्रथिन तयार होतें. अळीनें पान-बोंड कुरतडलें कीं तें तिच्या आंतड्यांत जातें, तेथील एका ठराविक जागीं कुलुपांत किल्ली बसावी तसें बसतें, आंतडें फुटतें व अळी मरते. अशी कपाशी आपल्या देशांत २००२ सालीं मंजूर झाली. दोन विषांची कपाशी २००६ सालीं आली. पुढें दहा वर्षांच्या आंत देशांतल्या कपाशीचे दहांतले नऊ वांटे बीटीखालीं गेले. आरंभीं बोंडअळ्यांसाठींचे फवारे कमी झाले, हेंही खरें आहे व तें नाकारण्याचें कारण नाहीं.

परंतु सगळ्या अळ्या सारख्या नसतात. येथें आनुवंशिकतेचा धडा सुरू होतो. प्रत्येक अळीला प्रत्येक गुणाच्या दोन प्रती मिळतात, एक बापाकडून व एक आईकडून. एखादीच्या आंतड्यांतलें कुलूप मुळांतच बिघडलेलें असतें. किल्ली त्यांत बसत नाहीं. पहिल्या बीटी विषाच्या बाबतींत या अळीचा हा बिघाड दबका असतो, म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच अळी जगते. एक प्रत चांगली असली कीं कुलूप चालतें आणि अळी मरते. आतां उदाहरणादाखल धरा कीं हजार प्रतींत एक प्रत बिघडलेली आहे. तर दोन्ही बिघडलेल्या असणारी अळी दहा लाखांत एक निघेल. इतक्या थोडक्या अळ्यांना कोण भितो?

येथेंच उत्क्रांतीचा धडा लागतो. शेतांत सगळी बीटीच पेरली आहे. दहा लाखांतल्या बाकीच्या अळ्या मेल्या, ती एक जगली. दुसऱ्या शेतांत अशीच दुसरी जगली. त्या दोघींचे पतंग झाले. त्यांचा जोडा जमणार कोणाशीं? जगलेला जोडीदार म्हणजे त्यांच्यासारखाच. त्यांच्या पोरांत चांगली प्रत येणार कोठून? सगळीं पोरें विष पचविणारीं निघतात. एका हंगामांत या किड्याच्या अनेक पिढ्या होतात. अळीनें काहीं युक्ति योजिली नाहीं, ती विष खाऊन खाऊन संवयीची झाली असेंही नव्हे. आपणच निवड केली. धनगर चांगला मेंढा राखतो, तशी आपण नकळत विष पचविणारी अळी राखली. मेंढा निवडणाऱ्याला निदान आपण काय करतों हें ठाऊक असतें!

मग यावर उपाय काय होता? उपाय परिसराच्या धड्यांत होता. बीटीच्या कडेनें साध्या कपाशीच्या ओळी लावाव्या. त्यांत साध्या, विषानें मरणाऱ्या अळ्या सुखानें वाढतात व त्यांचे पतंग मोठ्या संख्येनें उडतात. बीटींतून वांचलेला एखादा पतंग त्या गर्दींत सांपडतो आणि त्याचा जोडा साध्या पतंगाशीं जमतो. त्यांच्या सर्व पोरांत एक प्रत चांगली येते आणि तीं पोरें बीटी खाऊन मरतात. थोडी कपाशी अळीला दिली कीं बाकीची वांचते. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचें जें नॉन-बीटीचें पाकीट मिळत असे, तें याचसाठीं होतें. नियम असा होता कीं, वीस टक्के क्षेत्र किंवा कडेच्या पांच ओळी, यांत जें जास्त असेल तेवढी साधी कपाशी लावावी.

आतां आमच्या शेतकऱ्यानें छातीवर हात ठेवून सांगावें, तें पाकीट त्यानें पेरलें काय? बहुतेकांनीं बांधावर फेकलें. परंतु सारा दोष त्याच्या माथीं मारणाऱ्या शहाण्यांना आमचा प्रश्न आहे. त्याला कोणी सांगितलें होतें काय, कीं हें पाकीट कशासाठीं आहे? दोन एकरांचा धनी, कर्ज काढून बीं घेतलेलें, आणि त्याला म्हणायचें कीं, पांच ओळी किडीला दे! कां द्यावयाच्या हें ज्याला कळलें नाहीं, तो त्या देईल कसा? पाकिटावर बारीक अक्षरांत छापलें म्हणजे शिकविलें असें होत नाहीं. त्यांतून तें साधें बीं पुष्कळ वेळां हलकें असे, किंवा बीटीच्या जोडीनें फुलावर येणारें नसे. विकणाऱ्यानें विकलें, सरकारनें नियम केला, आणि मधली समजावण्याची पायरी कोणाचीच नव्हती. पुढें त्याच पाकिटांत थोडें साधें बीं मिसळून देण्याची रीत निघाली, पण तोंपर्यंत पाणी डोक्यावरून गेलें होतें.

परिणाम काय झाला तो सर्वांसमोर आहे. पहिल्या विषाला गुलाबी अळी दाद देत नाहीं, हें गुजराथेंत अमरेली, भावनगर, जुनागढ व राजकोट या जिल्ह्यांत दिसल्याचें खुद्द कंपनीनें २०१० सालीं जाहीर केलें. दोन विषांची कपाशी म्हणजे दाराला दोन कुलुपें. पण पहिलें मोडत असतांना दुसरें लावलें, त्यामुळें सगळा भार एकट्या दुसऱ्यावर पडला. तेंही पांच-सहा वर्षांत मोडलें. आणि २०१७ सालीं विदर्भ-मराठवाड्यांत या अळीनें हाहाकार केला. बोंड वरून हिरवें, फोडलें कीं आंत अळी, कवडी झालेला पिवळा कापूस आणि पोकळ सरकी. त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसाहून अधिक शेतकरी व मजूर मेले. ते सगळे फवारे बोंडअळीवरचेच होते असें नव्हे. पण भ्यालेला शेतकरी हातीं लागेल तें औषध हातीं लागेल त्यांत मिसळून मारतो, हें त्या वर्षीं जगानें पाहिलें. बोंडांत शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोंचतच नाहीं, हें त्याला वेळेवर कळतें तर!

आतां यांतली एक बारीक गोष्ट सांगतों, म्हणजे तीन धडे एकत्र कां वाचावे हें पटेल. आपल्याकडची बीटी बहुतेक संकरित आहे. संकरित झाडांत बीटी जनुकाची एकच प्रत असते, एका बाजूच्या पालकाकडून आलेली. अशा झाडाच्या बोंडांत जें नवें बीं धरतें, त्यांत मेंडेलचा हिशेब लागतो. चार बियांत तीन विषारी, एक बिनविषारी. गुलाबी अळी सरकीच खाते. म्हणजे एकाच बोंडांत तिला विषारी व बिनविषारी दाणे शेजारीं शेजारीं मिळतात. ती थोडें विष खाते, थोडें साधें खाते. एक प्रत बिघडलेली जी अळी पुरत्या विषानें मेली असती, तिला अशा अपुऱ्या विषावर जगण्याची वाट मिळते. वाटाण्याचा हिशेब फळ्यावर सोडविणाऱ्या पोराला हें सांगितलें आहे काय, कीं बाबा, हा हिशेब तुझ्या बापाच्या शेतांत प्रत्येक बोंडांत चालला आहे?

याच हिशेबाची दुसरी बाजू चीनमध्यें दिसली. यांगत्से नदीच्या खोऱ्यांतले पुष्कळ शेतकरी संकरित बीटीचें पहिल्या पिढीचें महाग बीं न घेतां तिच्यापासून निघालेलें दुसऱ्या पिढीचें बीं पेरूं लागले. त्यांनीं तें शास्त्रासाठीं केलें नाहीं, पैसे वांचविण्यासाठीं केलें. पण दुसऱ्या पिढींत चार झाडांत एक झाड पूर्ण साधें निघतें. म्हणजे कोणी नियम न करतां, पाकीट न देतां, शेतांत चौथा हिस्सा साधी कपाशी आपोआप उभी राहिली. वाढत चाललेली अळीची ताकद तेथें मागें फिरली. सहा प्रांतांतील अकरा वर्षांच्या पाहणीचा हा निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. बोंडांतले मिसळ दाणे तेथेंही होतेच. पण सबंध साधीं झाडें इतकीं होतीं कीं त्यांवरच्या साध्या पतंगांनीं बाजू सांवरली. तीनास एक हा आंकडा एकच. तो नुसता बोंडांत पडला तर घात, सबंध झाडांत पडला तर बचाव. आंकडा आनुवंशिकतेचा, जागा परिसराची, आणि निकाल उत्क्रांतीचा. तिन्ही एकत्र धरल्यावांचून यांतलें अक्षरही उलगडत नाहीं. मात्र हें वाचून कोणी घरची संकरित सरकी पेरूं नये. दुसऱ्या पिढीचें पीक एकसारखें येत नाहीं, आणि आपल्याकडे अळीनें दोन्ही विषें आधींच पचविलीं आहेत.

अमेरिकेंतल्या अरिझोना प्रांतांतही हीच अळी होती व १९९६ पासून हीच बीटी होती. तेथें साध्या कपाशीच्या ओळी काटेकोरपणें लावल्या गेल्या. २००६ पासून तर वांझ केलेले पतंग सोडून अळीचा वंशच तोडत आणला. २०१८ सालीं अमेरिकेच्या कृषिखात्यानें आपल्या कापूस-मुलखांतून गुलाबी अळी नाहींशी झाल्याचें जाहीर केलें. तेथील शेतें मोठीं, सरकारची देखरेख कडक आणि खर्चाला पैसा भरपूर, हें आम्ही विसरत नाहीं. पण जी अळी १८४२ सालीं हिंदुस्थानांतल्या कपाशीवरच सांपडली व दुसऱ्या वर्षीं पंडितांच्या दप्तरीं नोंदली गेली, ती पावणेदोनशें वर्षांनंतर तेथून हटली आणि आपल्याकडे माजली, याची लाज कोणाला तरी वाटली पाहिजे.

याउलट आपण काय करतों? लांब मुदतीचें वाण घेतों, पाणी असलें कीं फरदड ठेवून मार्च-एप्रिलपर्यंत बोंडें धरतों आणि पऱ्हाटीची गंज सरपणासाठीं घराशेजारीं रचतों. अळीचें मुख्य खाणें कपाशीच. शेत चार-पांच महिने मोकळें राहिलें असतें तर ती उपाशी मेली असती. आपण तिला बारमाही अन्नछत्र घातलें. सरपणाची अडचण आम्हांस कळते. परंतु गंजींतल्या बोंडांत झोंपलेली अळी पुढच्या पावसांत उठते, हें घरच्या बाईला सांगितलें तर तीही त्यावर वाट काढील.

आतां शाळेचें पाहूं. एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या पुस्तकांत ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ असा एक धडा होता. त्यांतली उत्क्रांती गाळली आणि नुसती आनुवंशिकता ठेवली. सबब अशी कीं मुलांवरचा भार कमी करावयाचा. अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनीं २०२३ सालीं सह्यांचें पत्रक काढून याला विरोध केला. उत्तर मिळालें कीं, बारावींत तो विषय आहेच. बारावींत जीवशास्त्र घेतो कोण? ज्याला डॉक्टर व्हावयाचें आहे तो. कुणब्याचीं, तेल्याचीं, सुताराचीं किती पोरें तेथपर्यंत पोहोंचतात? ज्याला जन्मभर किडीशीं झुंजावयाचें आहे, त्याची शाळा बहुधा दहावीलाच सुटते. आणि नेमका त्याच्याच ताटांतला घांस काढला. आपल्या महाराष्ट्राच्या मंडळानें २०१८ सालच्या दहावीच्या पुस्तकांत ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा ठेवला, ही चांगली गोष्ट आहे. ती तशीच टिकावी, एवढ्यावर मात्र आम्ही थांबणार नाहीं. धडा आहे, पण त्यांत शेत हवें. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन दिलें, त्यांत प्राथमिक शाळेंतल्या पोरांना शेतकीचें प्राथमिक ज्ञान द्यावें असें मागितलें होतें. त्या मागणीला शतक उलटून गेलें, तरी शाळेची भिंत आणि शेताचा बांध यांच्यांत वाट पडलेली नाहीं.

उत्क्रांती व परिसर काढून नुसती आनुवंशिकता शिकविण्यांत आणखी एक धोका आहे. मग ‘रक्तांतच असतें’ म्हणणाऱ्यांचें फावतें. अमक्याचें पोर हुशार, कारण त्याचें कूळ तसें. तमक्याचें मठ्ठ, कारण त्याची जात तशी, असें बोलणारे आजही थोडे नाहींत. एकाच पोत्यांतलें बीं काळींत टाकलें तर कंबरेइतकें वाढतें आणि मुरमांत टाकलें तर वीतभर राहतें. मुरमांतलें रोप पाहून कोणी बियाची जात काढली तर त्याला शेतकरी मूर्ख म्हणेल. मग ज्या घराला पिढ्यान् पिढ्या शाळेची काळी माती मिळूं दिली नाहीं, त्याचें बीं कसें काय वाईट ठरतें? बीं आणि माती एकत्र पाहणारें शास्त्रच या थापेचें तोंड बंद करूं शकतें.

तेव्हां बंधुभगिनींनो, दोन कामें करा. एक शेतांत. डिसेंबरअखेर कपाशी उपटा, फरदड सोडा, पऱ्हाटी शेताजवळ रचूं नका. मशागत करून जमीन मोकळी करा. फुलें लागण्याच्या वेळीं कामगंध सापळे लावा. हिरवीं वीस बोंडें फोडून पाहा. दोनांत जिवंत अळी दिसली तरच औषधाचा विचार करा, तोही तोंडाला फडकें, हाताला मोजे घालून आणि जाणत्याला विचारून. आणि हें सर्व एकट्यानें करूं नका, सबंध गांवानें करा. पतंगाला तुमचा बांध कळत नाहीं.

दुसरें काम शाळेंत. पालकांच्या सभेंत उभे राहा आणि गुरुजींना आदरानें सांगा कीं, आनुवंशिकतेचा धडा आला कीं पोरांना कपाशींत घेऊन चला. पोरांनीं बोंडें फोडावीं, अळ्या मोजाव्या, वहींत आंकडे लिहावे आणि घरीं येऊन आईबापांना सांगावें कीं ही अळी कां मरत नाहीं. ज्या दिवशीं हें कपाशीवाल्या घरच्या पोरीला समजेल, त्या दिवशीं बांधावर पडलेलें साध्या बियांचें पाकीट ती उचलून आणील आणि कडेच्या ओळींत स्वतः टोबील.